आम्हाला न दिसलेले नॉर्दर्न लाइट्स

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधली आम्ही तीन-चार मराठी घरं कुणाकडेही जेवायला जमलो, की ताटं उचलायच्या आत विषय आकाशावर येतो. हल्ली अधूनमधून नॉर्दर्न लाइट्स, उत्तरेच्या आकाशात हलणारे ते रंगीत झोत, थेट आमच्या गावापर्यंत येतात ना! ज्यांना ते दिसले, त्यांच्याकडे एक फोटो असतो. ज्यांना दिसले नाहीत, त्यांच्याकडे किस्से साठत जातात. आमच्याकडे किस्से भरपूर आहेत.

*

समीर मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. एरवी शांत माणूस, पण आकाशाचं नाव काढलं की सुटतो. एका संध्याकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज, "गावाबाहेर आकाश गुलाबी झालंय. असाल तसे या!"

आम्ही खरंच असू तसे गेलो. मी पायजम्यावर जाकीट चढवलेलं, माझ्या नवऱ्याच्या, प्रसादच्या, हातात अर्धी पोळी. शेताच्या कडेला उभं राहून सगळ्यांनी मनसोक्त "आहाहा" केलं. एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून आमच्याकडे बघत राहिला. समीरने त्यालाही आनंदाने आकाश दाखवलं.

शेतकरी म्हणाला, "हो, हो. माझे टोमॅटो."

त्याच्या ग्रीनहाऊसचे दिवे होते ते!

*

समीरच्या बायकोला, मुग्धाला, एका सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी भेटल्या. "काल रात्री काय सुंदर आकाश होतं! लाल, हिरवं! मी खिडकीतून हललेच नाही."

"अहो, मग आमची बेल का नाही वाजवलीत?"

आजी दचकल्याच. "दहानंतर? रूहेत्साइट असते ना!"

रात्री दहानंतर शेजाऱ्यांची शांतता मोडायची नाही, हा इथला नियम. तेव्हापासून मुग्धा अधूनमधून आजींना चकल्या नेऊन देते आणि सांगते, "आकाशासाठी बेल वाजवलीत तरी चालेल बरं का!" आजी चकल्या घेतात. बेलचं मात्र वचन देत नाहीत.

*

समीरच्या घरच्यांना शेवटी एकदा दिसले! पण डोळ्यांना नुसतं फिकट राखाडी, आणि फोनमध्ये हिरवंगार. त्यांच्या लेकाला, आरवला, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तो वर बघून हिरमुसला. "पापा, दास इस्ट डोख नुअर ग्राउ!" म्हणजे, हे तर नुसतं राखाडी आहे.

समीर खेकसला, "अरे, आकाशात काय बघतोस? फोनमध्ये बघ!"

*

आम्ही हसतो, पण प्रसाद या विषयावर फार हसत नाही. माझ्या सासऱ्यांना या दिव्यांचं वेड होतं. मिरजेहून व्हिडिओ कॉल लावला, की पहिला प्रश्न, "दिसले का रे?" आमची खुशाली त्यानंतर! प्रसाद म्हणायचा, "बाबा, तुम्ही या, मग मिळून बघू." तिकिटं निघाली, व्हिसा आला, आईंनी, माझ्या सासूबाईंनी, दोघांचे स्वेटरही विणले. आणि निघायच्या थोडेच दिवस आधी बाबा गेले.

पुढच्या हिवाळ्यात आई एकट्याच आल्या. आल्या दिवसापासून प्रसादने एकच धोशा लावला, "बाबांचं राहिलं. निदान आईला दाखवायचेच." त्यांचा मुक्काम संपत आला, तरी ढग हटेनात. रोज खिडकीशी जाऊन परत येणारा प्रसाद बघवत नव्हता मला.

*

आईंच्या परतीच्या आठवड्यात संकष्टी होती, आणि नेमकी त्याच संध्याकाळी फोनमधल्या नॉर्दर्न लाइट्सच्या अ‍ॅपने खूण दिली. आज नक्की दिसणार! प्रसाद ऑफिसातून धावतच आला. "आई, चल, हार्ट्झच्या डोंगरावर जाऊ. तिथून स्वच्छ दिसतील."

"उपाशीपोटी कुठे डोंगर चढू? माझे मोदक व्हायचेत अजून. चंद्र दिसला की मी जेवून घेईन. तुम्ही या बघून."

किती विनवलं, पण आई हलल्या नाहीत. मग निदान फोटो तरी आणू म्हणून आम्ही दोघंच गेलो. डोंगरावर धुकं इतकं, की पुढची गाडी दिसेना. प्रसाद स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. शेवटी त्याने गाडी वळवली.

घरी आलो, तर आई जेवून ओटा पुसत होत्या.

मी घड्याळाकडे बघितलं. "आई, चंद्र उगवायला अजून अवकाश आहे."

"उगवला की! इथल्या बाल्कनीतून दिसला. नैवेद्य दाखवला, नमस्कार केला, जेवले."

आमच्या स्वयंपाकघराची बाल्कनी उत्तरेला आहे. प्रसाद जाकिटासकट खुर्चीवर बसला.

"आई, कसा होता चंद्र?"

"लालसर. केवढा मोठा! त्या चर्चपासून पार झाडांपर्यंत पसरलेला. मागच्या दोन्ही संकष्ट्या ढगात गेल्या, इथला चंद्र मी बघितला होता कुठे? म्हटलं, इकडे असाच उगवत असेल."

"आणि हलत होता?"

"हलत होता खरा," आई म्हणाल्या. "पण मला वाटलं, ह्यांची आठवण झालीये, डोळ्यांत पाणी आलंय, म्हणून हलतोय."