परतूरचा टेम्पो आणि साठ्याचं पान

२००७च्या जूनमधला पहिला शनिवार. पणाला लागलं होतं टेम्पोचं भाडं, नऊशे रुपये. हजर दोघं: जुन्या जालन्यातल्या घाऊक बियाणे दुकानाचे मालक आणि मी, त्यांचा हिशेबनीस. दुकानातले कॉम्प्युटरही मीच सांभाळायचो. तिसरा माणूस फोनवर, परतूरचा एक दुकानदार.

आदल्या आठवड्यात त्याने भाड्याने पाठवलेला टेम्पो सोयाबीनच्या बियाण्यासाठी जालन्याला येऊन रिकामा परतला होता. आमचा फोन हंगामात सतत गुंतलेला, त्यामुळे विचारायची सोय नाही. गोदामात किती थैल्या आहेत ते त्याला परतुरातच दिसावं, अशी माझी खटपट चालली होती. साठ्याची यादी होती पुण्याला, बियाणे कंपनीच्या मशीनवर. तिथे बाहेरून थेट जाता येत नसे. कंपनीच्या पेरेंट प्रॉक्सीमार्फतच, म्हणजे निरोप्याचं काम करणाऱ्या मधल्या मशीनमार्फतच, जावं लागे. म्हणून दुकानातल्या एका मशीनवर मी रिव्हर्स प्रॉक्सी बसवली. दुकानदारांनी आमच्या मशीनला विचारायचं, त्याने पेरेंटला, आणि उत्तर त्याच वाटेने परत.

पेरेंटचा पत्ता सेटिंगमध्ये घातला आणि परतूरला फोन लावला.

"पहिलं पान झकास आलं, साहेब. पण साठ्यावर दाबलं की नुसतं फिरून राह्यलं."

"थांबा जरा."

"मी थांबतो हो, टेम्पोवाला न्हाई थांबत. गिऱ्हाइकं पायरीवर बसल्यात. तुमच्या भरवशावर पाठवला अन् पुन्हा रिकामा आला, तर मंग नऊशे तुम्ही भरा."

मालक म्हणाले, "ऐकलं का? पगारातून कापतो बरं."

आमच्या मशीनने कोणतं पान कुठून मागितलं ते मी त्याच्या नोंदीत पाहिलं. पहिलं पान पेरेंटमार्फत आलं होतं. साठ्याच्या पानाच्या पत्त्यात मात्र प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे ते दर वेळी नव्याने बनणारं पान, आणि थेट वाट मोकळी असली की असली पानं प्रॉक्सीचा हा प्रोग्राम थेटच मागायला जातो. ती वाट मीच मुद्दाम मोकळी ठेवली होती. पेरेंट बंद पडली तर हाताशी असावी म्हणून. घरातही मी भरलेला दुसरा सिलिंडर असल्याशिवाय झोपत नाही. इथे त्या जादा वाटेने जाऊन मशीन पुण्याच्या बंद दारापुढे उभं होतं.

थेट कधीच जायचं नाही, अशी एक ओळ सेटिंगमध्ये वाढवली, प्रॉक्सी बंद करून पुन्हा चालू केली आणि फोन लावला.

"आलं, आलं! साठ थैल्या दाखवून राह्यलं. बराबर हाय का?"

मी गोदामात विचारून घेतलं. "बरोबर. साठच."

"मंग निघाला टेम्पो!"

मी मालकांना चूक सांगितली. ते म्हणाले, "घरचा दुसरा सिलिंडरपण देऊन टाका आता."

तो मी दिला नाही.

चारच्या सुमारास टेम्पो आला आणि साठही थैल्या भरून गेला. भाड्याचे नऊशे परतूरच्या दुकानदाराने टेम्पोवाल्याला दिले. माझ्याकडून गेले सहा रुपये, दोन चहांचे, समोरच्या हॉटेलवाल्याला.