हेडफोनची जागा

ती कुठल्याही छापील मजकुरावर मधल्या बोटाचं नख आपटायची आणि विचारायची, "लिहिलंय ना?" रेशनच्या दुकानातली पाटी असो, बसचं तिकीट असो, औषधाची बाटली असो. समोरचा "हो, लिहिलंय, पण..." एवढं म्हणाला की संपलं. "पण कुठे लिहिलंय? दाखवा."

मला ती आवडत नव्हती. आमच्या परदेशीपुऱ्यातल्या गल्लीत ती कुणालाच आवडत नव्हती, आणि तिलाही गल्लीतलं कुणी आवडत असल्याचं कधी दिसलं नाही. माहेर महूच्या छावणीतलं, वडील फौजेत. "फौजीची पोर आहे मी, लाइन तोडणाऱ्याला सोडत नाही," असं ती नळावर सांगायची आणि खरंच सोडायची नाही. एकदा आमच्या आईची बादली तिने पायाने बाजूला सारली. "बादली लाइन में नहीं लगती, आदमी लगता है." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. भिंत एक, नळ एक, आणि वर्षानुवर्षं तोंडातून एक शब्द नाही. तुमच्याही गल्लीत अशी एक जण असेलच. नसली तर तुम्ही नशीबवान.

ती एका खाजगी प्रसूतिगृहात आया होती. तिथल्या बाळंतिणी म्हणे तिला प्रेमाने मावशी म्हणायच्या. आम्हाला ते खरं वाटायचं नाही.

तिचा नवरा मात्र सगळ्यांचा काका. जन्मभर मिलमध्ये मागांवर उभा राहिलेला, आणि त्या खडखडाटात दोन्ही कान गमावून बसलेला. हसरा माणूस. ऐकू आलं नाही तरी हसायचा, आलं तरी हसायचा. मिल बंद झाली तेव्हा फाटकाबाहेर माणसं रडत होती, आणि काका बाजूच्याला विचारत होते, "काय म्हणाले? काय म्हणाले साहेब?"

मिल गेल्यावर काका दिवसभर घरात. रेडिओ कानाला लावून बसायचे, पूर्ण आवाजात. अख्ख्या गल्लीला बातम्या दोनदा कळायच्या, एकदा आपल्या घरात, एकदा त्यांच्या. आमची आई मग लाटणं घेऊन मधली भिंत ठोकायची. काकांना ते ऐकू यायचं नाही. ऐकू यायचं ते तिला. ती रेडिओचा आवाज कमी करायची, आणि काका समजायचे, सेल संपले.

त्याच सुमारास बाजार एकदम बदलला. नवनव्या कंपन्यांचे टीव्ही आले, वर्तमानपत्रं पानभर जाहिरातींनी भरली. एका जाहिरातीत एक माणूस कानाला हेडफोन लावून मॅच बघतोय आणि शेजारी बायको शांत झोपलेली. खाली मोठ्या अक्षरात: 'सोए सारा घर, सुनें सिर्फ़ आप.' तिने ते पान कापून ठेवलं. मिलकडून काकांचं जे थोडंफार निघालं, त्यातून कृष्णपुऱ्याजवळच्या दुकानातून तोच टीव्ही आला.

टीव्ही आला तेव्हा गल्ली दारात जमली. आई सोडून. पडद्याखाली एक छोटं झाकण होतं, त्यावर हेडफोनचं चित्र. तिने झाकण उघडलं, काकांनी नव्या हेडफोनची पिन पुढे केली. पिन जाईना. मग इतरांनी करून बघितलं, मीही बघितलं. झाकणामागे गुळगुळीत प्लास्टिक होतं. भोकच नव्हतं.

"चित्र तर छान येतंय," कुणीतरी म्हणालं.

तिने त्याच्याकडे असं बघितलं की गल्ली आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात उभी. आत आली नाही. "ए टायपिस्ट," ती मला म्हणाली, "तुला कागद वाचता येतात. चल." मी तेव्हा नुकतीच एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. आतून आई म्हणाली, "जायचं नाही." मी गेले. खरं सांगायचं तर भांडण बघायला गेले.

काकाही बरोबर होते. दुकानदाराने आधी चहा विचारला. मग तिने जाहिरात टेबलावर पसरून नख आपटलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला. "वो ऊपर वाला मॉडल है, अम्मा."

"मग याच्यावर झाकण का लावलं? झाकण पे चित्र क्यों है? जिथे भिंत आहे तिथे कोणी दार लावतं का?"

"कंपनी को लिखो. हम तो बेचते हैं."

"तुम्हीच दाखवून विकला. बोले थे, इसी में है."

दुकानात गिऱ्हाईक होतं. दुकानदाराला घाई झाली आणि राग आला. काकांकडे हात करून तो म्हणाला, "अब आदमी ही बहरा है तो कंपनी क्या करे? इनको तो बस फोटो देखना है, बैठा दो सामने." दोन-तीन माणसं हसली.

आपल्याकडे बघून काहीतरी बोलले म्हणून काकाही हसले. "काय म्हणाले?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. "म्हणतात, बदलून देऊ. थोडा वेळ लागेल."

"भला माणूस आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी दुकानदाराला नमस्कार केला.

बाहेर पडून आम्ही नदीच्या पुलापर्यंत आलो. काका पुढे चालत होते. ती थांबली. "आता मी त्याला सोडत नाही," ती म्हणाली. मला वाटलं, हे ती नदीलाच सांगतेय.

ग्राहक मंचात वकिलाशिवाय तक्रार करता येते, हे तिला प्रसूतिगृहातल्या कुणीतरी सांगितलं होतं. तक्रार मी टाइप केली. दुकानदाराचं ते वाक्यही त्यात घालायचं मी ठरवलं होतं. त्यामुळे आपली बाजू भक्कम झाली असती. तिने माझा हात धरला.

"ते नको."

"काकू, त्यानेच तर..."

"तिथे मोठ्याने वाचतील. विचारतील ह्यांना, ओरडून विचारतील. तो काय म्हणाला ते ह्यांना कळेल." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तू भोकाचं लिही फक्त."

त्यानंतरचे महिने वाईट गेले. तिने टीव्ही परत खोक्यात घातला, थर्मोकोल लावून, सुतळी बांधून. केस चालू असताना वापरला तर उद्या म्हणतील, वापरून परत करतात. काका खोक्यासमोर वर्तमानपत्र वाचत बसायचे. गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, "भाभी, मी बसवून देतो ना सॉकेट, मागून वायर काढतो, काय मोठं काम?" तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "हात लावशील तर बघ. सील तुटलं की केस मेली."

गल्ली तिला कसाई म्हणू लागली. मलाही राहवेना. "काकू, तुमच्या हट्टापायी ते बिचारे बसून आहेत. केस एवढी मोठी आहे का?"

"मोठी?" ती माझ्यावर उसळली. "खोकं उघडलं तर आवाज मोठा लावावा लागेल. मग भिंतीवर लाटणं कोण आपटतं, जा विचार तुझ्या आईला. आणि पुन्हा मला शिकवायला येऊ नकोस."

मी तिच्याकडे जाणं बंद केलं. पण मंचातल्या तारखेला गेले.

कंपनीच्या वकिलाने जाहिरातीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली ओळ वाचून दाखवली: काही मॉडेलांत सुविधा वेगळ्या असू शकतात. तिने विचारलं, "साहब, छोटे अक्षर सच्चे हैं तो बड़े किसके लिए छापे? आम्हाला फसवायला?" अध्यक्षांनी तिला शांत बसायला सांगितलं. ती बसली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती बसली आणि बसल्या बसल्या बोलत राहिली. मग अध्यक्षांनी टीव्ही मागवला, खोकं उघडवलं, स्वतः खाली वाकून झाकण उघडलं आणि त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून बोट फिरवलं. मी तेव्हाच ओळखलं.

निकाल तिच्या बाजूने लागला. टीव्ही परत घ्या, किंमत परत द्या, त्रासाबद्दल वेगळी भरपाई द्या. मला वाटलं, आता तरी ती हसेल. ती म्हणाली, "चल दुकानात."

दुकानदाराने न बघता पैसे पुढे केले. तिने ते काकांच्या हातात दिले आणि काकांना बाहेरच्या बाकावर बसवून आली. मग त्याला म्हणाली, "आता माफी मागा. उस दिन जो बोले थे, उसकी."

दुकानदाराने निकालाचा कागद उचलला, सावकाश वाचल्यासारखं केलं. "इसमें माफी कहां लिखी है, अम्मा? दिखाओ."

तिने कागद घेतला आणि ओळीओळीवरून नख फिरवलं. माफी कागदावर यायची तर ते वाक्यही कागदावर यायला हवं होतं. ते तिनेच येऊ दिलं नव्हतं.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "ते लिहिलेलं नाही." आणि बाहेर गेली. काकांनी तिच्यासाठी बाकावर जागा केली. "झालं ना सगळं?" त्यांनी विचारलं. "झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दुकानातून दुसरा टीव्ही आला. आधी दुकानात काकांच्या कानाला हेडफोन लावून, त्यांना ऐकू आल्याची खात्री करून मगच तिने पैसे दिले. गल्लीत शांतता झाली. फक्त अधूनमधून काका एकटेच खदखदून हसायचे, आणि हेडफोन लावला की टीव्हीचा बाहेरचा आवाज बंद होत असल्यामुळे शेजारी ती नुसती चित्रं बघत शेंगा सोलत बसलेली असायची. आईशी तिचं बोलणं बंदच राहिलं.

काही वर्षांनी ती गेली. आजारपण असं नाहीच. कामावर गेली आणि तिथेच पडली. तिला पोहोचवायला बाळंतिणींची घरंच्या घरं आली होती, पोरं कडेवर घेऊन. तेव्हा आम्हाला ते मावशीचं खरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी आई पिठलं-भाकरी घेऊन त्यांच्या घरी गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मागे होते. काकांनी ताट घेतलं, खाली ठेवलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, ती तुमच्याशी बोलणार होती. मला म्हणाली होती, या दिवाळीला बोलेन. बोलली का?"

आई हळूच म्हणाली, "हो."

"काय?"

दारात बायका होत्या. नळावर रांग होती. त्या दोघी कधी बोलल्या नाहीत हे रांगेतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. आईने एकदा मागे वळून बघितलं, मग काकांच्या कानाशी वाकली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "बोलली! खूप बोलली माझ्याशी!"

नळावर कुणी हसलं नाही. काकांनी मान डोलावली आणि भाकरी मोडली.