मोठी ती गिऱ्हाइकाची

वारा पार पडलेला होता. धुकं इतकं दाट की तळ्यातली पाण्यात हवा मिसळणारी चाकं नुसती ऐकू येत होती. थोरली कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होती. घरातली पहिली म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव तिच्यामागोमाग कोळंबीच्या बीजकेंद्रावर आलं, ते केंद्र चालवणाऱ्या मॅडमच्याही तोंडी बसलं.

आज पुढच्या बीजासाठी निवड होती. तळ्यात वेगवेगळ्या आयांची लेकरं एकत्र वाढलेली. शेपटीजवळ टोचलेल्या रंगीत ठिपक्यावरून कोण कुणाची ते ओळखायचं. पाणी एक, खाद्य एक, तरी लाल ठिपक्याच्या कोळंब्या टपोऱ्या, पिवळ्या मध्यम आणि हिरव्या किरकोळ. राहिला तो फरक रक्ताचा, असं मॅडम सांगत. हिरव्या थोरलीच्या बापाच्या तळ्यातल्या. तळं विकलं तेव्हा शेवटचं पिंपभर बीज केंद्राने घेतलं होतं. आज त्या वजनाला कमी भरल्या की बापाच्या हातचं मागे काही उरणार नव्हतं.

बाप जाळं झटकताना शीळ घालायचा. मोठी कोळंबी हाताला लागली की थेट टोपलीत. "मोठी ती गिऱ्हाइकाची," म्हणायचा. उरल्यासुरल्या बारक्यांतल्या काही घरी शिजायच्या, काही पुढच्या बीजाला राहायच्या. गिऱ्हाईक खूश, बापाची छाती फुगलेली, आणि दर हंगामाला माल थोडा आखूड. त्याने पाण्याला नावं ठेवली, खाद्यवाल्याशी भांडला, शेवटी कुणाची तरी नजर लागली म्हणत कट्ट्यावर बसून राहिला. बारक्या ठेवून ठेवून आपणच बारक्यांचं घराणं केलं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. थोरलीलाही ते इथे आल्यावर मॅडमनी सांगितलं. ती आधी हसली आणि मग दिवसभर जाळी धूत राहिली.

नर आणि माद्या वेगळ्या तोलायच्या, कारण मादी अंगाने मोठी होते. पंपावरचे मामा म्हणाले, आमच्या घरीही तोच प्रकार आहे. थोरलीने काटा जसा दाखवेल तसं सांगितलं, कणभर इकडेतिकडे केलं नाही. हिरव्या सगळ्यांत खाली राहिल्या.

मॅडमनी आकडे वहीत उतरवले. "हिरवं घराणं बंद करायचं, थोरले. हिरव्या विकायला काढ. पण लाल-पिवळ्या आता आपसांत फार जवळच्या झाल्यात, बाहेरचं रक्त लागणार. हिरव्यांतल्या चार माद्या बीजाला ठेव. चांगल्या थोराड बघून."

थोरलीने हिरव्या माद्यांच्या घमेल्यात हात घातला. एक भरदार मादी हाताला लागली, ती तिने टोपलीत टाकली. दुसरी लागली, तीही; मग आणखी दोन. तोंडातून शीळ कधी सुटली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"अगं, ती विकायची टोपली," मामा म्हणाले. "बाप उतरला की काय हातात?"

तिने पाहिलं. मोठ्या टोपलीत, बारक्या घमेल्यात. तिला हसू फुटलं, थांबेना. टोपली अजून पाण्यातच होती. एकेक मादी अलगद उचलून तिने बीजाच्या टाकीत सोडली. चौथी पुन्हा पुन्हा हातातून निसटत होती.

"राहू दे बाबा," ती पुटपुटली, "गिऱ्हाईक आज बारकी नेईल."

मग टाकीवर झाकण ठेवून ती कट्ट्यावर आली आणि जाळ्यात अडकलेलं शेवाळ सोडवत बसली.