टाचेवरच्या हिरव्या रेघा

"रेघ वलांडली नव्हती, म्हणतोय ना मी!"

"कशी वलांडंल? रेघच तुमी पुढं सरकवत होता!"

"हळू बोल गं, वॉर्ड हाय."

"टाच माझी कापली ना? मग ऐकू दे सगळ्यांना!"

खोपोलीच्या रुग्णालयात पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून भागूबाई बसली होती. तिला घरी न्यायला आलेला नवरा, चांगो, तिच्या चपलांची पिशवी हातात धरून उभा.

कुंभिवलीत आवणीला, भाताची रोपं लावायला, भागूबाईच्या हाताला जोड नव्हती. ती खाचरात उतरली की बाकीच्या बाया तिच्या ओळीला ओळ जुळवत मागं सरकायच्या. गावात सावड चाले. आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं. यंदा चांगोची पाळी अगदी शेवटची. त्याआधीच तिच्या टाचेत काटा मोडला आणि तिला पत्ताच नाही. साखरेच्या आजारानं तळपाय कधीचे बधिर झालेले. कळलं ते धाकट्या बहिणीला, मैनेला. "ताई, तुझ्या पायाला वास मारतोय गं!"

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी टाच दाबली तसा पू आला. त्यांनी जखम धुतली, गोळ्या दिल्या आणि लालीच्या कडेनं निळ्या पेनानं रेघ ओढली. "गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. पाय कोरडा ठेवा. लाली रेघेबाहेर गेली, नाहीतर थंडीताप आला, तर त्याच दिवशी इकडे यायचं."

आपली टाच आपल्याला कुठं दिसते? रोज संध्याकाळी ती पालथी पडायची आणि चांगो बॅटरी मारायचा.

"वलांडली का वो?"

"नाय गं. आतच हाय. पिशवी बांध पायाला नि जा उद्या."

नवऱ्याच्या शब्दावर ती चिखलात उतरत राहिली. अखेर स्वतःचं खाचर लावून झालं आणि बांधावरच तिला हुडहुडी भरली. इथं आणल्यावर निशिगंधा सिस्टरनं चिखल धुतला. निळी रेघ केव्हाच गेलेली. तिच्या जागी हिरव्या रेघा, एकीबाहेर एक, पार घोट्याच्या मागं चढलेल्या. भाताच्या गोणीवर नाव घालायच्या मार्करनं काढलेल्या.

"पुसली जात होती, म्हणून काढली," चांगो आताही तेच म्हणाला.

"मग होती तिथंच काढायची!"

"तू घरी बसली असतीस तर आपल्या खाचरात एक बाई फिरकली नसती, भागू. तुझ्या ओळीवर येतात सगळ्या."

"मग तसं सांगायचं! 'पाय जाईल, पन आवणी होईल.' उतरले असते नायतर नसते. माझा पाय, माझं मी ठरवलं असतं!"

"खोटं नाय बोललो मी."

"हां. तेवढं मात्र तुमी अगदी सांभाळलंत."

निशिगंधा सिस्टर पट्टीचं सामान घेऊन आली. "पाय वाचलाय, मावशी. पण अजून टाच टेकायची नाही, आणि जखम रोज कुणीतरी बघायला हवी. पट्टी कुणाला शिकवू?"

"मला शिकवा," चांगो पटकन पुढं झाला. "भागू, आता जे दिसंल ते सांगीन. घरी चल. येतेस ना?"

भागूबाईनं वॉकर ओढला आणि टाच अधांतरी धरून उठली. दारात मैना उभी होती. चांगोनं पिशवीतून चपला काढून भागूबाईपुढं ठेवल्या. चपलांना वळसा घालून ती वॉकर टेकत मैनेबरोबर बाहेर पडली.