भरवशाचा पंप

या जगात भरवसा ठेवण्यासारखं काहीही नाही, यावर ज्याचा पूर्ण भरवसा आहे असा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. मुलुंडला राहतो. लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी तिच्या शेवटच्या तपासणीची तारीख वाचतो आणि वाचून झाल्यावर जिन्याने जातो. गॅसचा लायटर घेताना त्याने तो दुकानदाराला चाळीस वेळा पेटवून दाखवायला लावला. एकेचाळिसाव्या वेळी दुकानदारच पेटला. लग्नाआधी माझ्या मेहुणीला पाहायला तो चार वेळा आला होता. "चौथ्या वेळी मीच हो म्हणून टाकलं, नाहीतर हा अजून पोहेच खात बसला असता," असं ती येईल त्या पाहुण्याला सांगते. घरात काहीही बिघडलं की ते त्याच्या हिरव्या फायलीत जातं: वस्तू, तारीख आणि शेवटच्या रकान्यात कारण. कारण सापडेपर्यंत तो जेवतो, पण ताटाकडे न बघता. मिक्सरच्या नावापुढे त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलंय, 'पत्नीने चिंच चिंचोक्यांसकट वाटली.' त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता, पण रकाना रिकामा राहिला नाही.

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर बोरिवलीच्या एका गृहस्थाकडून जुनी, पिवळीधमक, दोन दारांची टर्बो स्पोर्ट्स कार विकत घेतली, याचं कारण मात्र कुठल्याच फायलीत नाही. वडील गिरणीत होते, घरात सायकलपलीकडे वाहन आलं नव्हतं, एवढंच मी जाणतो. गाडी सोसायटीत आली तेव्हा त्याची आई, मूळची मालवणकडची, ऐंशी पार केलेली, गुडघे धरत खाली उतरली, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माका एकदा ह्येच्यात बसव रे. मुलुंडात एक फेरी मार." दुसऱ्या कोणीही तिथल्या तिथे दार उघडून तिला बसवलं असतं. माझ्या साडूच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, आणि ते पुरवणारा टाकीतला पंप पंचवीस वर्षांचा. "आई बसलेली असताना इंजिन उपाशी राहिलं तर? भर रस्त्यात? नाय रे, आधी पंप. भरवशाचा."

तो भरवशाचा पंप शोधण्यात दोन वर्षं गेली. गाडी खाकी कव्हराखाली होती, आई खिडकीत होती आणि साडू स्थळं बघत होता. एक पंप त्याने आवाजावरून नाकारला. दुसरा इतका नामांकित होता की बाजारात खऱ्यापेक्षा खोटेच जास्त, "ओळखायचा कसा? खोट्याचं पॅकिंग खऱ्यापेक्षा बरं असतं." तिसरा लागेल त्याच्या दुप्पट पेट्रोल सोडणारा. उरलेलं गरम होऊन टाकीत परत येणार, म्हणून तोही बाद. "जास्त उत्साही माणूस घरात नको." एकदा घाटकोपरच्या एका थंडगार, काचेच्या गॅरेजमध्ये तो मला घेऊन गेला. तिथल्या मालकाने काळा टी-शर्ट घातला होता आणि तो वाक्यागणिक हवेत मूठ आवळत होता. "सर, हा पंप टाका, गाडी उडेल!" साडूने चष्मा पुसला आणि विचारलं, "उडेल ते झालं. उतरेल का?" परत येताना मी म्हटलं, "अरे, म्हातारीचं वय बघ. दोन वर्षं झाली यार." तो म्हणाला, "म्हणूनच तर."

शेवटी पंप ठरला. मध्यम ताकदीचा, शांत, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोललाही न कुरकुरणारा. त्याच्यासाठी नवी जाड वायरही ओढून झाली. पंप घरी आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोनं द्यायला गेलो, तर देव्हाऱ्यासमोर पाटावर पंप उभा, गळ्यात झेंडू. "लोखंड आसा ता. दसऱ्याक पूजा करूक व्हयी," म्हातारी म्हणाली, आणि तिने हळद-कुंकू वाहिलं, वर चांगल्या मूठभर अक्षता टाकल्या. साडूने हात जोडले. देवावर त्याचा भरवसा नाही, पण आईसमोर तो हे बोलत नाही.

दुपारी पंप टाकीत गेला. आई ठेवणीतली नऊवारी नेसून, अबोलीचा गजरा माळून पुढे बसली. मागच्या नावापुरत्या सीटवर मी घडी घालून. गाडी गुरगुरली, फाटकापर्यंत रुबाबात गेली, दोनदा शिंकली आणि बंद पडली. वॉचमनने ढकलत परत आणली. "मी बसान ऱ्हवतंय," म्हणून आई सावलीत खुर्चीवर बसली, गजरा तसाच. साडूने टाकीतून पंप काढून खोलला. आतलं चक्र अडकलं होतं आणि त्याच्या पात्याशी अर्धा दाणा होता तांदळाचा, एका बाजूने लालसर. बाहेरचा तांदूळ पंपाच्या तोंडावरच्या जाळीने अडवला असता. हा जाळी बसवण्याआधीच आत जाऊन बसला होता. साडूने तो दाणा तळहातावर घेतला, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बोललास तर बघ," एवढंच पुटपुटला आणि दाणा शर्टाच्या खिशात टाकला.

मग त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. जुना, आता सत्तावीस वर्षांचा, शंभर प्रश्न असलेला पंप काहीही न तपासता परत बसवला. ऊन उतरता उतरता आम्ही निघालो. नाहूरच्या पुलापर्यंत गेलो आणि आलो, दुसऱ्या गिअरमध्ये, रिक्षावाले हॉर्न देत पुढे जात होते. टर्बोला आपण गाडीत आहोत हे शेवटपर्यंत कळलं नसावं. म्हातारी मात्र काच खाली करून अख्ख्या मुलुंडाकडे बघत होती, आणि ओळखीचं कोणी दिसलं नाही याचं तिला फार वाईट वाटत होतं. पुलापाशी वळताना तिने विचारलं, "त्या नव्या पंपाक काय झाला रे?"

"माल खराब निघाला गे आई."

"बघ! बरा झाला मी पूजा केलंय. नायतर आज काय खरा नव्हता."

"होय गे," साडू म्हणाला. रस्त्यावरून त्याची नजर हलली नाही.

आता तिला जिना उतरवत नाही. कव्हराखालची पिवळी गाडी ती वरूनच बघते, आणि तो पंप देव्हाऱ्यात आहे; रोज त्याला एक फूल मिळतं. परवा साडू चहा आणायला आत गेला तेव्हा मी हिरवी फाईल उघडली. मिक्सर, गिझर, इस्त्री, सगळ्यांची कारणं जिथल्या तिथे. शेवटच्या पानावर पंप, दसऱ्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात, त्याच स्वच्छ अक्षरात, एकच शब्द: 'अज्ञात'.