रशीद सरांसाठी आलेला फोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. पण आज आनंद पोटात मावत नाहीये, आणि त्याच्या शेजारी हे दडवून ठेवणं जमत नाहीये.

आमचे रशीद सर मंत्री झाले! उत्तर आफ्रिकेतल्या त्यांच्या देशाचे शिक्षणमंत्री. ज्यांनी त्यांच्या इतिहासग्रंथावर बंदी घातली, त्यांना तुरुंगात टाकलं, त्यांची सत्ता गेली. आणि सर मानानं परत गेले. शपथविधी मी कॉम्प्युटरवर पाहिला. एकटाच उठून टाळ्या वाजवल्या.

हाच माणूस तुरुंगातून सुटून इथे परदेशात आला, तेव्हा पेनरोज भागातल्या गोदामात खोकी रचायचा — माझ्या हाताखाली. जेवणाच्या सुट्टीत माझी अर्धी थालीपिठं फस्त करायचा आणि आपल्या देशातल्या बंदरांच्या गोष्टी अशा सांगायचा, की आम्ही घड्याळ विसरायचो.

मग विद्यापीठात शिकवायची जागा निघाली. इथे नोकरी देण्याआधी तुमच्या साहेबाला फोन करतात, माणूस कसा आहे विचारतात. सरांनी विश्वासानं माझं नाव दिलं. फोन आला. मी काय बोललो असेन?

"माणूस चांगला आहे. पण लोकल एक्स्पीरियन्स नाही. गोदामातच बरा."

हेच ऐकत मी — पुण्याचा इंजिनिअर — आठ महिने घरी बसलो होतो. मग मीच का बोललो? चांगला कामगार हातचा जाईल म्हणून? छे. मी खोक्यांत राहणार आणि हा वर्गात उभा राहणार, हे मला बघवेना. जळलो मी.

जागा दुसऱ्याला मिळाली. "मी खूप सांगून पाहिलं हो," असं वर सरांना म्हणालो. त्यांनी माझा हात हातात घेतला. पुढची चार वर्षं दिवसा खोकी रचली आणि घरी बसून तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा लिहिला. त्याच ग्रंथानं त्यांना मायदेशी नेलं. म्हणजे माझ्यामुळे भलंच झालं? नाही. ते जिंकले स्वतःच्या हिमतीवर. मी नुसता आडवा आलो.

आज त्या ग्रंथाची छापील प्रत पोस्टानं घरी आली. पहिल्याच पानावर माझं नाव — 'पेनरोजमध्ये माझ्यासाठी शब्द टाकणाऱ्या मित्रास'.

माझी मुलगी नाचायलाच लागली. "बाबा, यू हेल्प्ड हिम? दॅट्स हीप्स कूल! एकदम भारी!" उद्या ती पुस्तक शाळेत दाखवायला नेणार आहे.

तासाभरापूर्वीची गोष्ट. मी तिला हो म्हणालो.