एकाच फळीतली माणसं

माझा मामा जुन्या खोक्यांच्या फळ्यांपासून सुट्टीच्या पाट्या करायचा. वर 'सुट्टीत सगळे घरी' असं रंगवलेलं, आणि खाली हुकांना लोंबणाऱ्या गोल चकत्या, घरातल्या प्रत्येकाची एक. आजी, बाबा, ताई, असं त्यांवर लिहिलेलं. वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की आमच्या गल्लीत दारोदारी या पाट्या दिसायच्या. दोन कप चहाच्या पैशांत अख्खं घर दारावर टांगता येई, मग कोण सोडतो?

मामाने लग्न केलं नाही. तो आमच्याकडेच राहायचा आणि मागच्या शेडमध्ये काम करायचा. एरवी तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण नियमाच्या बाबतीत हट्टी. एका घराच्या सगळ्या चकत्या एकाच फळीतून कापायच्या. "एका घरची माणसं एकाच फळीतली हवीत," म्हणायचा. फळी संपली की संपली.

विसरभोळा मात्र एक नंबरचा. एका वर्षी बेकरीवाल्याच्या पाटीत आजोबांची चकती राहून गेली. बेकरीवाला हसून "चालतंय" म्हणाला. सुट्टीआधीच आजोबा गेले. पुढच्या वर्षी पोस्टमनची बहीण राहिली, आणि तीही गेली. तेव्हापासून लोक शेडमध्ये उभे राहून चकत्या दोनदोनदा मोजून नेऊ लागले. "योगायोग गं," मामा मला सांगायचा, पण सांगता सांगता पुढ्यातल्या चकत्या पुन्हा मोजायचा. मी त्याची थट्टा करायचे. त्या थट्टेची आता लाज वाटते.

यंदा आई इस्पितळात होती आणि डॉक्टर काही धड सांगत नव्हते. मी शेडमध्ये गेले तेव्हा मामा आमची पाटी पुढ्यात घेऊन बसला होता. बाबा, दादा, धाकटी म्हणजे मी, आणि मामा. चार चकत्या, पाच हुक. फळी संपलेली.

"आईची कुठेय?"

"करतोय." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तू जा, जेवून घे."

संध्याकाळी पाटी दारावर लागली. आईची चकती होती. मामाचा हुक रिकामा होता. "माझी फुटली," तो म्हणाला. "मी काय, घरातलाच."

आठवड्याने आई स्वतःच्या पायांनी घरी आली. मला इतका आनंद झाला की मी दारातच रडले. तेवढ्यात वाऱ्याने तिची चकती फिरली. मागच्या बाजूला, घासूनही न गेलेली, फिकट अक्षरं होती: मामा.

मी शेडकडे धावले. "मामा, हे काय केलंस?"

त्याचा पॉलिश पेपर थांबला नाही. "तिच्याशिवाय या घरातलं पान तरी हलतं का?"

मी हाताला लागेल ती फळी घेतली, चकती कापली, त्यावर 'मामा' लिहिलं. तो बघत होता.

"फळी दुसरी आहे गं," तो समजुतीने म्हणाला.

"असू दे."

"मग रंग तरी नीट वाळू दे."

रंग वाळायला दोन तास लागतात. चकती हातात धरून मी दाराशी बसले. आत आई बाबांशी हसत बोलत होती. मागून पॉलिश पेपरची घासघास ऐकू येत होती, आणि माझे कान तिकडेच होते. तासाभराने घासघास थांबली. रंग अजून बोटाला लागत होता.